एडिटला बघू

डॉक्युमेंट्री बघणं ही या देशात एके काळी सक्ती होती. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि सिनेमाघरात धरणं, पंचवार्षिक योजना आणि लसीकरण बघितल्याशिवाय प्रेक्षकाला नायिकेपर्यंत पोहोचता येईना. प्रेक्षकांनी त्यावर अस्सल देशी तोडगा काढला. ते उशिरा जाऊ लागले.

आता बघण्याची सक्ती उरलेली नाही, करण्याची आहे. जनसंज्ञापनाच्या शेवटच्या सत्रात दहा-बारा मिनिटांची डॉक्युमेंट्री केल्याशिवाय गुणपत्रिका हातात पडत नाही. त्यामुळे दरवर्षी थंडी सरता सरता महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोडक्या वाड्यापुढे, प्रत्येक इराण्याच्या हॉटेलात आणि प्रत्येक शेवटच्या कारागिरासमोर चार मुलं ट्रायपॉड घेऊन उभी असतात. कारागीर शेवटचाच असावा लागतो. त्याच्यामागे कोणी असला तर विषय मंजूर होत नाही.

पुण्यातल्या अशाच एका चौकडीनं मिरज गाठलं. दिग्दर्शिका, कॅमेरावाला, साउंडवाला आणि प्रॉडक्शन. प्रॉडक्शन म्हणजे वडापाव, रिक्षा, चार्जर आणि जे काही बिघडेल त्याचं खापर. विषय होता मिरजेचा शेवटचा तंबोरा बनवणारा. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं सतारी-तंबोरे घडतात. सतारमेकर हे तिथं आडनावही आहे आणि गल्लीचं नावही. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चौकडी पोहोचली, चहा झाला, आणि दिग्दर्शिकेनं आवाजात योग्य तेवढी खिन्नता आणून विचारलं, "चाचा, तुम्ही आता शेवटचेच ना?"

"छे! शेवटचे कशाला?" चाचा म्हणाले. "समोर पुतण्याचं दुकान आहे. पलीकडं चुलतभाऊ. नातू कॉम्प्युटरचा कोर्स करतोय, पण तारा पण चढवतोय की."

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. मंजूर झालेला विषय दारातच वारला होता. दिग्दर्शिका क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "ठीक आहे. एडिटला बघू."

चित्रीकरण संपेपर्यंत हा मंत्र सगळ्यांच्या तोंडी बसला. ट्यूबलाइट पडद्यावर लपलपतेय? एडिटला बघू. (आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. शटर एक पन्नासांशावर ठेवलं की लपलप थांबते. पण त्यासाठी शटर कुठं असतं ते माहीत असावं लागतं.) चाचांच्या डोक्यामागं कॅलेंडरवरचं बदक असं आलंय, की चाचा ते डोक्यावर घेऊनच बोलतायत असं वाटतं? एडिटला बघू. समोरचा पुतण्या दर मुलाखतीत मागून मुद्दाम तीनदा जातो आणि चौथ्यांदा भांग पाडून येतो? त्यालाही एडिटलाच बघायचं. एडिट नावाचं हे गाव कुठंतरी पुढं वसलेलं आहे, तिथं सगळ्या पापांचं क्षालन होतं, अशी चौघांची श्रद्धा होती. ही श्रद्धा काही डॉक्युमेंट्रीवाल्यांपुरती नाही. साखरपुड्यातल्या कुरबुरी लग्नानंतर मिटतील म्हणणारे मामा आणि गळती पावसाळ्यानंतर काढू म्हणणारे सोसायटीचे सेक्रेटरी याच पंथातले.

शेवटच्या दिवशी दोन सोपस्कार बाकी होते. पहिला संमतीपत्राचा. चाचांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, इंग्रजीतली दोन पानं उलटसुलट पाहिली आणि शांतपणे विचारलं, "जामीन तर राहायचं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली. तरीही प्रॉडक्शननं 'येथे सही करावी' ची खूण जिथं केली होती ती जागा सोडून, साक्षीदाराच्या जागी.

दुसरा सोपस्कार रूम टोनचा. ज्या खोलीत मुलाखत झाली तिथली निव्वळ शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित करून ठेवायची असते. पुढं वाक्यं कापली की मधली भोकं त्या शांततेनं बुजवायची. साउंडवाल्यानं हात वर केला. "एक मिनिट कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही." चौघं माना खाली घालून उभे राहिले. ते बघून चाचाही गादीवरून उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

ती शांतता पुन्हा घ्यावी लागली. दुसऱ्या खेपेला आतून कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्या खेपेला घंटागाडी आली. त्यानंतर भंगारवाला, मग एक म्हैस, मग स्टेशनकडून मालगाडी. शेवटी एकदा खरोखरची नीरव शांतता मिळाली, आणि पस्तिसाव्या सेकंदाला चाची आतून म्हणाल्या, "गेली का पोरं?"

"पॅकअप!" असं दिग्दर्शिका ओरडली तेव्हा चौघांनी मिठ्या मारल्या, क्लॅपबोर्ड धरून फोटो काढले, ते कोयना एक्सप्रेस सुटायच्या आत इन्स्टाग्रामवर टाकले. खाली लिहिलं, फिल्म झाली. पंचाऐंशी जणांनी अभिनंदन केलं. खरं म्हणजे फिल्म कुठंच नव्हती. होती ती काही मेमरी कार्डं, आणि त्यांतलं एक कार्ड नेमकं कोणत्या पँटच्या खिशात आहे यावर गाडी साताऱ्याला येईपर्यंत मतभेद होते.

अशा वेळी सावेदादांचा हेवा वाटतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुवायला बोटीनं लंडनला पाठवली. बोट जाऊन परत येईपर्यंत माणूस जगातला सर्वोत्तम छायाचित्रकार असू शकतो. डिजिटलमध्ये ही सुखाची मुदत लॅपटॉप उघडेपर्यंतच.

तरी विद्यार्थी ती मुदत वाढवतातच. पुण्यात परतल्यावर फुटेज बघायचं सोडून चौकडीनं बाकी सगळं केलं. फिल्मचं नाव ठरवलं, मग त्याचा फाँट. पोस्टर केलं. कोणत्या महोत्सवाला पाठवायची त्याची यादी केली. 'विशेष आभार' मध्ये कॅमेरावाल्याच्या मैत्रिणीचं नाव टाकावं का, यावर दोन संध्याकाळी गेल्या. तोवर ते नातं संपलं आणि प्रश्न आपोआप सुटला.

मग आलं कॉपी करणं. आजचे साधे कॅमेरेसुद्धा सेकंदाला शंभर मेगाबिट या दरानं चित्रं साठवतात, म्हणजे तासाला पंचेचाळीस जीबी. दिग्दर्शिकेच्या लॅपटॉपवर अकरा जीबी जागा होती. उरलेल्या जागेवर बहिणीच्या लग्नाची वस्ती होती, आणि लग्न पुसायला आईची परवानगी नव्हती. प्रॉडक्शननं काकांची हार्ड डिस्क आणली. तिच्यात आधीच टॅलीचा हिशेब आणि 'काकूंचे गरबा' नावाचं एक फोल्डर होतं. त्याच्या शेजारी मिरज वसलं: न्यू फोल्डर, न्यू फोल्डर २, मिरज, मिरज फायनल, मिरज फायनल खरं, मिरज हे वापरू नका. वापरण्याजोगं सगळं शेवटच्या फोल्डरात निघालं.

"हे कार्ड फॉरमॅट करू?" कॅमेरावाल्यानं विचारलं.

"कॉपी झालंय ना?"

"झालंय बहुतेक."

सगळ्या मराठी शब्दसंपत्तीत 'बहुतेक' इतका महागडा शब्द दुसरा नसेल. त्यांचे मार्गदर्शक सर दाराशी उभे होते म्हणून ते कार्ड वाचलं. सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी बॅकअपचं कीर्तन लावलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. उत्तररंगात त्यांनी 'टॉय स्टोरी २' चं आख्यान घेतलं. १९९८ साली पिक्सारमध्ये कोणीतरी चुकून पुसण्याची आज्ञा दिली आणि संगणकावरून पात्रं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. बॅकअपकडं धावले तर तोही चालत नव्हता. वाचवलं गॅलिन ससमन यांनी. तान्ह्या बाळामुळं त्या घरून काम करत होत्या, म्हणून फिल्मची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती.

"म्हणून," सर म्हणाले, "एक प्रत नेहमी घरी."

"सर, आणि बाळ?" साउंडवाल्यानं विचारलं.

सरांनी दुर्लक्ष करून रॉबर्ट फ्लॅहर्टी काढला. उत्तर कॅनडातल्या इन्युइट लोकांचं चित्रण करून तो टोरांटोला आला, १९१६ मध्ये एडिटिंग करताना त्याच्या हातून सिगारेट पडली, आणि जवळजवळ तीस हजार फूट निगेटिव्ह जळून गेली. त्या काळची नायट्रेट फिल्म कापरासारखी पेटायची. पुन्हा पैसे उभे करून १९२० साली तो उत्तरेला गेला, सगळं नव्यानं चित्रित केलं आणि १९२२ मध्ये 'नानूक ऑफ द नॉर्थ' पडद्यावर आला. सर बॅकअपबद्दल बोलत होते. पण फ्लॅहर्टीलाच आपलं पहिलं चित्रण भिकार वाटलं होतं, हा तपशील त्यांच्या तोंडून निसटला आणि घात झाला. कॅमेरावाला काकांच्या हार्ड डिस्ककडं एकटक बघायला लागला.

अखेर एके दिवशी फुटेज बघायला बसणं टाळता येईना.

पहिल्या दिवशीच्या शॉटची नोंदवही देखणी होती. तीन रंगांची पेनं, टेक नंबर, शेरे. दुसऱ्या दिवशीची पेन्सिलीनं. तिसऱ्या दिवशीची वडापावच्या कागदावर, तेलात. पुढच्या दिवसांची नोंद प्रॉडक्शनच्या स्मरणात होती आणि त्याला आठवत होता फक्त खर्च. "हा शॉट ना? हा दोनशे चाळीस रुपये रिक्षावाला."

कॅमेरावाल्याचं काम बघता बघता लक्षात आलं की चाचांपेक्षा मिरजेतली कबुतरं जास्त आहेत. दर्ग्यावरची कबुतरं, तारेवरची कबुतरं, धान्य टिपणारी, उडणारी, आणि कॅमेऱ्याला कंटाळून उडणारी. शिवाय चहाची वाफ. शिवाय कृष्णाघाटावरचे सूर्यास्त. मुक्कामातला एकही सूर्य त्यानं मोकळा मावळू दिला नव्हता. फुटेज भरपूर असणं हा काही दोष नव्हे. शिकागोतल्या दोन बास्केटबॉलवेड्या पोरांवरची 'हूप ड्रीम्स' अर्ध्या तासाची फिल्म म्हणून सुरू झाली, पाच वर्षं चित्रण चाललं, अडीचशे तास फुटेज जमलं, आणि १९९४ साली जवळजवळ तीन तासांची होऊन बाहेर आली. पण त्या अडीचशे तासांत ती दोन पोरं होती.

मग चाचांची मोठी मुलाखत लागली. चाचा रंगात होते. त्यांच्या आजोबांनी एका मोठ्या गवयासाठी तंबोरा केला, गवयानं तो परत पाठवला, आजोबा रागानं तसेच चालत निघाले, गवयाच्या दारात पोहोचले, गवई बाहेर आले आणि म्हणाले... इथं कॅमेरा बंद झाला. बऱ्याच फोटो-कॅमेऱ्यांचं चित्रण एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांना आपोआप थांबायचं. कारण असं, की अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा ठरायचा आणि त्यावर जादा आयातशुल्क लागायचं. म्हणजे युरोपातल्या जकातदारानं मिरजेच्या गवयाच्या तोंडावर हात ठेवला.

"गवई काय म्हणाले मग?" सरांनी विचारलं.

चौघांनाही आठवेना. चाचा बोलत असताना दिग्दर्शिका पुढचा प्रश्न शोधत होती, कॅमेरावाला कबुतरं शोधत होता, प्रॉडक्शन जेवण शोधत होता.

"आवाज असेल ना पण," दिग्दर्शिका म्हणाली. सगळे साउंडवाल्याकडं वळले. तो म्हणाला, "हो तर. आख्खा आवाज आहे."

बऱ्याच हातातल्या रेकॉर्डरवर लाल बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकायला लागतो. याचा अर्थ यंत्र तयार आहे. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मुद्रण सुरू होतं. साउंडवाल्याला लुकलुकणारा दिवा अधिक जिवंत वाटला. 'ॲक्शन' ला त्यानं बटण दाबलं, दिवा लुकलुकला, तो खूश झाला. 'कट' म्हटल्यावर त्यानं पुन्हा दाबलं, दिवा शांत झाला, आणि मुद्रण सुरू झालं. बोलणं सुरू असताना यंत्र विश्रांती घेत होतं. विश्रांती सुरू झाली की यंत्र कामाला लागत होतं.

त्यामुळं तंबोऱ्यावरच्या या डॉक्युमेंट्रीत तंबोऱ्याचा आवाज नव्हता. बाकी सगळं होतं, तेही अतिशय स्वच्छ. चहा पिताना कॅमेरावाला साउंडवाल्याला सांगतोय, "हिला शॉट कळत नाही, हिला फक्त कविता कळतात." दिग्दर्शिका फोनवर आईला सांगतेय, "साउंडवाला उभ्याउभ्या झोपतो गं." प्रॉडक्शन कोणालातरी सांगतोय की हॉटेलचं बिल थोडं वाढवून लावलंय. आणि मधेच चाची चाचांना विचारतायत, "ही पोरं कॉलेजात कधी जातात?" दिग्दर्शिकेनं हेडफोन लावून हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मधे थांबली नाही. ध्वनिमुद्रणाचा दर्जा बघण्यासाठी, असं तिनं नंतर सांगितलं.

त्यानंतर बरेच दिवस एडिट रूममध्ये चौघं एकमेकांशी फक्त टाइमकोडमध्ये बोलत होते. "चार मिनिटं, बावीस सेकंद, दहा फ्रेम." "बघितलं." "पुढं?" "पुढं काही नाही."

कॅमेऱ्यातला आवाज असेल, ही शेवटची आशा होती, निदान जवारीच्या प्रसंगापुरती. जवारी हा तंबोऱ्याचा जीव. घोडीच्या ज्या पृष्ठभागावरून तारा जातात तो कानशीनं इतका नाजूक घासायचा, की तार तिथं अर्धवट टेकावी, अर्धवट सुटावी आणि गुंजत राहावी. मोजायला पट्टी नाही. एक कानस फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, नाक मुरडायचं, पुन्हा कानस. चाचा हे करत होते तेव्हा कारखान्यात माशीसुद्धा उडत नव्हती. तार कोरडी होती, मग जराशी खरखरली, मग एका घासणीनंतर अचानक भरली, खोलीभर पसरली, आणि चाचा स्वतःशीच हसले. सगळ्या फिल्मचा प्राण त्या एका क्षणात होता, हे चौघांनाही एकदमच कळलं होतं. म्हणून तर कॅमेरावाल्यानं ताबडतोब स्लो मोशन लावलं. सेकंदाला एकशेवीस फ्रेम. या सेटिंगवर कित्येक कॅमेरे आवाज घेतच नाहीत. पडद्यावर चाचांचं बोट तारेकडं जवळजवळ पाच पट सावकाश निघालं, पोहोचलं, तार थरथरली, लाकडाचा भुगा तरंगत खाली आला, आणि सगळीकडं मूकबधिर शांतता.

"आहा!" कॅमेरावाला म्हणाला. खोलीत तो एकटाच बोलला.

उरलेल्या मुलाखती प्रॉडक्शनच्या फोनवर होत्या. फोन बिचारा प्रकाश पाहून फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो, त्यामुळं मुलाखत सुरू होताना ओठ आणि शब्द एकत्र असतात, मधेच एकमेकांपासून दुरावतात, आणि शेवटी शेवटी चाचांनी उत्तर आधी देऊन तोंड मागाहून उघडल्याचं दिसतं. घोडं पुढं न्यायचं म्हणून दिग्दर्शिकेनं संगणकाकडून त्या मुलाखतींचा मजकूर उतरवून घेतला. संगणकानं मिरजेची बोली ऐकली, विचार केला, आणि जिथं जिथं 'जवारी' आली तिथं तिथं 'ज्वारी' लिहिलं. त्या आधारावर तयार झालेला फिल्मचा कागदी आराखडा सरांपुढं गेला.

"भोपळा मंगळवेढ्याकडून आणतात," सर मोठ्यानं वाचू लागले. "मग तो वाळवतात. ज्वारी काढायला वेळ लागतो. ज्वारी नीट नसेल तर गवई परत पाठवतो." सरांनी चष्मा काढला. "विषय बदललात का? शेती चांगला विषय आहे."

वाईट याचं की सगळं जुळत होतं. तंबोऱ्याचे भोपळे खरोखर मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गवई ज्वारी परत का पाठवतो, एवढाच धागा सुटत होता.

मग रंगीत चिठ्ठ्या आणल्या. पिवळी म्हणजे मुलाखत, गुलाबी म्हणजे काम, निळी म्हणजे कबुतर. भिंत निळी झाली. दोन दिवस खपून दिग्दर्शिकेनं चिठ्ठ्यांची अशी काही रचना केली की सुरुवातीला भोपळा, शेवटी सूर तिला दिसू लागला. तेवढ्यात प्रॉडक्शन घामाघूम होऊन आत आला आणि त्यानं पंखा पाचवर केला. चिठ्ठ्या उडाल्या. साउंडवाल्यानं जमिनीवर पडल्या तशा त्या क्रमानं वाचून बघितल्या आणि पंख्यानं लावलेली फिल्म जास्त बरी आहे असं मत दिलं. ते मत टाइमकोडशिवाय दिल्यामुळं भांडण झालं.

चौघं मुदतवाढ मागायला गेले. तयारी करून गेले होते. "सर, आनंद पटवर्धनांना 'जय भीम कॉम्रेड' ला चौदा वर्षं लागली."

"त्यांना सबमिशन नव्हतं," सर म्हणाले.

संकटातून वाट काढली ती चाचांच्या नातवानं. जवारी चालू असताना तो दारात उभा राहून मोबाइलवर शूट करत होता, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. त्यानं व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला. उभा, येताना निम्मा दर्जा वाटेत सांडलेला. पण आवाज होता. कोरडी तार, खरखर, कानस, आणि मग ती भरून आलेली तार, स्पष्ट. फक्त त्या शॉटमध्ये चाचा जेमतेम दिसत होते. बाकी फ्रेमभर ही चौकडी होती. कॅमेरावाला आडवा पडून चाचांच्या बोटात घुसलेला. साउंडवाला लुकलुकत्या दिव्याकडं कौतुकानं बघतोय. दिग्दर्शिका चित्रणाकडं पाठ करून वहीत काहीतरी सुंदर लिहितेय. प्रॉडक्शन बिस्किटाचा पुडा आवाज न करता फोडण्याच्या प्रयत्नात. आणि तार लागली त्या क्षणी एकट्या चाचांनी मान वर करून दाराकडं, नातवाकडं बघितलं.

सरांनी तो तीनदा पाहिला. "सगळ्यात चांगला शॉट हा आहे," ते म्हणाले. झिगा व्हेर्तोवनं १९२९ मध्येच 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' त कॅमेरावाल्यालाच पडद्यावर आणलं होतं, आणि त्याची बायको येलिझावेता स्विलोवा, जी त्या फिल्मची एडिटरही होती, तिलाही कात्री चालवताना दाखवलं होतं, वगैरे त्यांनी सांगितलं. कॅमेरावाल्याला व्हेर्तोव पटला. आपल्याच फिल्ममध्ये आपली पाठ एवढा वेळ दिसणार हे पटलं नाही.

तरीही जवारी एकदा नीट घेऊन या, असं सरांनी बजावलं. आडवी, आवाजासकट, साध्या वेगानं. सुटलेले तुकडे परत जाऊन टिपण्याला या धंद्यात पिकअप म्हणतात, आणि माणसांवरच्या फिल्ममध्ये ती सोय असते हे नशीबच. १९१२ च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचा वेल उगवताना थोडाथोडा रोज चित्रित केला होता. वाटाण्याला पिकअप मागता येत नाही.

दिग्दर्शिकेनं चाचांना फोन केला. "चाचा, तेच सगळं पुन्हा करायचंय. अगदी तसंच. तेच कपडे, तीच जागा. काही बदलू नका."

"या की," चाचा म्हणाले. "काही काळजी करू नका. सगळी तयारी करून ठेवतो."

चौकडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाच रंगाचा वास आला. कारखाना पिस्ता झाला होता. चारी भिंती, छत, आणि हात पोहोचला तिथवर कपाटसुद्धा. लपलपणारी ट्यूब जाऊन तिथं एलईडीचं झुंबर लटकत होतं. बदकाचं कॅलेंडर काढून मानांकनाची बातमी चौकटीत घालून लावली होती आणि तिला हार घातला होता. जमिनीवरचा भुगा, कानशींचा पसारा, तीन पिढ्यांची काळवंडलेली गादी, काही म्हणता काही उरलं नव्हतं. चाचा नव्या कोऱ्या पठाणीत बसले होते, दाढीला ताजी मेंदी. समोरचा पुतण्या भांग पाडून तयार होता, आणि आज तो मागून जाणार नव्हता, शेजारीच बसणार होता.

कॅमेरावाल्यानं ट्रायपॉड तसाच मिटलेला हातात धरला. "आधीच्या शॉटशी हे जुळणार कसं?" तो दिग्दर्शिकेच्या कानाशी पुटपुटला.

चाचांनी ते ऐकलं. तंबोऱ्याची अर्धी तार ज्याच्या कानाला खुपते त्याला पुटपुटणं ऐकू येतंच. त्यांनी गवयाची गोष्ट पुन्हा सांगायला घसा साफ केला, पठाणीची कॉलर नीट केली, आणि हात उडवून म्हणाले, "जुळवायचं कशाला? आधीचं सगळं पुसून टाका. त्यात भिंत लई बेकार दिसत होती."